माऊसच्या पोटाखाली काय आहे ते आधी बघा

माझं काम नकाशांचं. स्कॅन केलेल्या जुन्या नकाशांवरच्या समोच्चरेषा स्क्रीनवर माऊसने गिरवायच्या, वळणावळणाला क्लिक करत. एका नकाशात चार-पाच हजार बिंदू सहज होतात आणि त्यातला प्रत्येक बिंदू रेषेवरच बसावा लागतो. दोन वर्षांपूर्वी काचेचं टेबल घेतलं आणि हे काम अवघड होऊन बसलं. सकाळी सुरुवात केली की कर्सर अडखळायचा, रेषेवरून बाजूला उडी घ्यायचा, कधी हात हलला तरी जागचा हलायचा नाही. दुपारनंतर मात्र तोच माऊस बरा चालायचा. मी माऊस बदलला, दुसऱ्या पोर्टला लावून पाहिला, ड्रायव्हर पुन्हा टाकला. काडीचाही फरक पडला नाही.

उलगडा झाला तो टेबल पुसायचं राहून गेलं त्या दिवशी. त्या दिवशी माऊस सकाळपासूनच नीट चालला. एरवी मी रोज सकाळी काच ओल्या फडक्याने लख्ख करायचे. मग दिवसभरात तिच्यावर धूळ बसायची, तळहाताचा घाम लागायचा, बोटांचे ठसे उमटायचे आणि माऊस त्या डागांच्या आधाराने चालायचा. पुसलेल्या काचेवर त्याला बघायला काहीच उरत नव्हतं.

‘बघायला’ हा शब्द मी अगदी शब्दशः वापरतेय. माऊसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो. शेजारचा एलईडी तिरपा प्रकाश टाकतो, भिंगातून पृष्ठभागाचं चित्र सेन्सरवर पडतं आणि सेन्सर लागोपाठ फोटो काढत राहतो. जुन्या साध्या माऊसमधल्या एका प्रचलित सेन्सरचं चित्र फक्त १८ बाय १८ ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम ३२४ ठिपक्यांचं असायचं आणि असे फोटो तो सेकंदाला १५०० काढायचा. आजचे सेन्सर याच्या कितीतरी पुढे गेलेत, पण रीत तीच आहे. आधीचा फोटो आणि आत्ताचा फोटो एकमेकांवर सरकवून पाहायचे, कुठे जुळतात ते शोधायचं आणि तेवढा कर्सर हलवायचा. हात सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने फिरला, तर दोन फोटोंमध्ये माऊस ०.२ मिलिमीटर सरकतो. फोटोत मावते ती जागा साधारण एक मिलिमीटरची. तेव्हा जुळवायला भरपूर भाग शिल्लक राहतो, फक्त त्या मिलिमीटरभरात ओळखीची खूण हवी. कागदाचे तंतू, लाकडाची रंध्रं, कापडाची वीण, काहीही चालतं.

तुमच्या टेबलावर अशा खुणा आहेत का, हे माऊस न लावताही कळतं. रात्री खोलीतले दिवे घालवा, मोबाईलचा टॉर्च लावून मोबाईल टेबलावर त्याच्या लांब कडेवर उभा टेकवा, म्हणजे प्रकाश पृष्ठभागाला घासून जाईल. मग डोळे खाली नेऊन त्या उजेडाच्या पट्ट्यात बघा. साध्या कागदावर असा प्रकाश टाकला तर दिवसा सपाट दिसणारा कागद चक्क उंचसखल दिसतो, तंतूंच्या बारीक सावल्या पडलेल्या दिसतात. कापडी पॅडवर विणीचे उंचवटे एकाआड एक उभे राहतात. माझ्या काचेवर काहीच दिसलं नाही, फक्त एका कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा चमकत होता. जे तुम्हाला या प्रकाशात दिसतं, साधारण तेच माऊसला दिसतं. जिथे नुसती चकाकी दिसते तिथे माऊस अडणार, हे धरून चाला.

आता खरी चाचणी. एक साधा कोरा ए-फोर कागद घ्या. फोटो छापायचा चकचकीत कागद नको आणि मासिकाचं पान तर मुळीच नको. का ते पुढे सांगते. चारही कोपरे चिकटपट्टीने टेबलाला पक्के करा आणि त्यावर अर्धा तास नेहमीचं काम करा. त्रास थांबला तर माऊस ठीक आहे, दोष टेबलाचा. मी काचेखाली कागद सरकवून पाहिला होता, त्याने काही होत नाही. भिंगाची नजर माऊसच्या तळाशी टेकलेल्या पृष्ठभागावर बसवलेली असते; काचेच्या जाडीपलीकडचा कागद त्याला धूसर दिसतो. कागद काचेच्या वरच हवा.

कागदावरही त्रास चालूच राहिला तर माऊस उलटा करा. सेन्सरच्या खोबणीत एखादा केस किंवा कापसाचा तंतू अडकलेला असतो आणि तो भिंगासमोर थरथरत राहतो. हात न लावता कर्सर आपोआप सरकत असेल तर पहिला संशय यावरच घ्या. माऊस बंद करा, फुंकर मारा, मग इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं लावून हलक्या हाताने पुसा. लेझर माऊस चालू असताना त्या भोकात डोळा लावून बघू नका. त्यातला प्रकाश बहुधा इन्फ्रारेड असतो, तो दिसत नाही म्हणून तो बंद आहे असं होत नाही.

वायरलेस माऊसला आणखी एक कारण असतं. त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या हार्डडिस्कला खेटून लावलेला असेल तर माऊस ज्यावरून बोलतो त्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात गोंगाट होतो आणि कर्सर झटके खातो. हे झटके टेबलावर, पॅडवर, कागदावर सगळीकडे सारखेच येतात. रिसीव्हर एक्स्टेन्शन केबलने माऊसजवळ आणा.

पृष्ठभागांची तुलना करायची असेल तर नुसतं ‘बरं वाटतंय’ यावर जाऊ नका, मोजून बघा. विंडोज असेल तर माऊसच्या सेटिंगमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ आधी बंद करा. ते चालू असताना तेच अंतर जोरात कापलं की कर्सर जास्त जातो, आणि मग सगळी मापं बिघडतात. टेबलावर एक जाड पुस्तक आडवं ठेवा, माऊस त्याला टेकवा आणि कर्सर स्क्रीनवरच्या एखाद्या आयकॉनच्या टोकावर येईल असं जमवा. आता माऊस झटकन १० सेंटिमीटर बाजूला न्या आणि सावकाश परत आणून पुस्तकाला टेकवा. कर्सर जवळजवळ त्याच टोकावर आला पाहिजे. वाटेत तो स्क्रीनच्या कडेला आपटला तर ती फेरी मोजू नका, संवेदनशीलता कमी करून पुन्हा करा. मी पाच-पाच फेऱ्या करते. कोऱ्या कागदावर माझा कर्सर दर वेळी आयकॉनच्या आत परतला. पुसलेल्या काचेवर एकदा अर्धी स्क्रीन मागे राहिला.

दुसरी चाचणी चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये करा. माऊस फूटपट्टीच्या कडेने अगदी हळू ओढा, मग हाताने छोटी वर्तुळं काढा. हळू ओढलेल्या रेषेत दातेरी उड्या दिसल्या तर पृष्ठभाग माऊसला मानवत नाही. वेगात ही खोट लपते. नकाशाच्या कामात हात नेमका हळू चालतो, म्हणून मला ही चाचणी जास्त महत्त्वाची वाटते.

आता पृष्ठभागांविषयी. मॅट सनमायका, पॉलिश न केलेलं लाकूड, पुठ्ठा, साधा कागद, कापडी पॅड यांवर क्वचितच अडचण येते. आरशासारखं पॉलिश केलेल्या लाकडात डोळ्यांना शिरा छान दिसतात, पण वरच्या थरावरून प्रकाश घसरून भलतीकडे जातो आणि सेन्सरपर्यंत थोडाच पोचतो. चकचकीत काळा पृष्ठभाग मला सगळ्यात वाईट वाटतो: रंग प्रकाश शोषतो आणि उरलेला प्रकाश चकाकी पळवते. मॅट काळं कापड मात्र बहुतेक माऊसना चालतं, कारण सेन्सर एक्स्पोजर वाढवून घेतो.

छापील नक्षीपासून सांभाळा. मासिकातलं चित्र भिंगाखाली धरा, ते समान अंतरावरच्या ठिपक्यांचं बनलेलं दिसेल. माऊस एका ठिपक्यावरून शेजारच्या ठिपक्यावर गेला तरी फोटो तसाच येतो, मग तो हलला किती हे सेन्सर कसं ठरवणार? चौकडी किंवा जाळीदार छपाईच्या सनमायकावरही असंच होऊ शकतं. रंगाचाही एक मुद्दा आहे. तुमच्या माऊसचा एलईडी लाल असेल, तर लाल आणि पांढरा हे दोन रंग त्याच्या उजेडात सारखेच उजळ दिसतात. पांढऱ्या पॅडवरची लाल नक्षी माऊसच्या लेखी जवळजवळ नसल्यात जमा. निळी नक्षी गडद दिसते. एकरंगी पॅड घेतलं की हा विचारच करावा लागत नाही.

पॅड ही वस्तू घरोघरी रुजली ती चेंडूच्या माऊसमुळे, चेंडूला पकड मिळावी म्हणून. १९८० च्या दशकातल्या पहिल्या ऑप्टिकल माऊसना तर आखीव नक्षीचं खास पॅड लागायचं, त्याशिवाय ते चालायचेच नाहीत. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्स्प्लोरर आला आणि कुठल्याही साध्या टेबलावर चालणारा ऑप्टिकल माऊस लोकांच्या हाती पडला. तेव्हापासून ‘आता पॅडची गरज नाही’ असं सरसकट बोललं जातं, आणि चकचकीत टेबलवाल्यांचा तिथेच घात होतो.

लेझर माऊस २००४ मध्ये लॉजिटेकच्या एमएक्स १००० पासून आले. गुळगुळीत टेबलावर ते एलईडीपेक्षा जास्त बारकावे टिपतात. पण त्यांतल्या बऱ्याच माऊसची मऊ जाड कापडी पॅडवर पंचाईत होते, कारण प्रकाश विणीत खोल शिरतो आणि हळू व वेगात केलेल्या हालचालीचं माप जुळत नाही. पुस्तकाची चाचणी इथे लगेच बोलते. काचेवरच काम करायचं असेल तर त्यासाठी बनवलेला माऊस घ्या. लॉजिटेकने २००९ मध्ये डार्कफील्ड सेन्सर आणला, तो काचेवरचे सूक्ष्म कण आणि ओरखडे पाहून चालतो, मात्र काच किमान ४ मिलिमीटर जाड हवी.

मी काच ठेवली आणि तिच्यावर पातळ कापडी पॅड टाकलं. पातळ मुद्दाम घेतलं, कारण जाड मऊ पॅडमध्ये माऊसचे पाय, म्हणजे तळाला चिकटवलेल्या गुळगुळीत पट्ट्या, रुततात आणि सेन्सरचं अंतर बदलतं. हे अंतर फार नाजूक असतं. वर सांगितलेल्या त्या जुन्या सेन्सरसाठी भिंगाच्या टेकणीपासून पृष्ठभागापर्यंत २.४ मिलिमीटर ठरवलेलं होतं आणि त्यात ०.१ मिलिमीटरचीच सूट होती. म्हणून झिजलेल्या पायांवर नवीन पाय चिकटवू नका. जुने काढा, खालचा गोंद खरवडून पुसा, मग मूळ जाडीचे नवे लावा.

कापडी पॅड कुठे खराब होतं ते ठरलेलं असतं: जिथे माऊस सगळ्यात जास्त फिरतो तिथे वीण दबून चकाकायला लागते आणि घामाचा थर बसतो. टॉर्च आडवा धरला की तो गुळगुळीत डाग वेगळा ओळखू येतो. कोमट पाण्यात थोडा साबण घालून पॅड हलक्या हाताने धुवा, पिळू नका, सपाट ठेवून सावलीत पूर्ण वाळू द्या. ओलसर पॅडवर माऊस पुन्हा अडखळतो. वीणच दबलेली असेल तर पॅड अर्धं फिरवून ठेवा, म्हणजे न वापरलेली बाजू हाताखाली येईल.