केबल काढली आणि लॉगिन गेलं

कॉलेजच्या लॅबमध्ये लागून मला चारच महिने झाले होते, तेव्हा पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत दोन दिवसांचं शिबिर ठरलं. सहा पीसी छोट्या हत्तीत चढवले, मध्ये गाद्या कोंबल्या आणि नाशिकहून निघालो. घाट निभावला. खरी रड तिथं पोचल्यावर. उबुंटू (पीसीतली लिनक्स प्रणाली) सुरू झालं, पण पासवर्ड एकाचाही चालेना. मुलं समोर बसलेली, मुख्याध्यापक हाताची घडी घालून मागे उभे. "सर, वायर लावायची राहिली का?" एका मुलीनं विचारलं.

तिचं बरोबर होतं. आमच्या लॅबच्या पीसीत विद्यार्थ्यांची खाती नव्हतीच. ती एलडॅप सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांची खाती एका जागी ठेवणाऱ्या लॅबच्या संगणकावर. पीसीवरचं एसएसएसडी (लॉगिन तपासणारा प्रोग्रॅम) फक्त तिकडं विचारून येतं. विचारायला कुणी नसलं की दार बंद.

त्या दिवशी ग्रबनं, म्हणजे पीसी सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रॅमनं, तारलं. सुरू होताना एस्केप दाबून मेनू आणला, 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडलं, मग कंट्रोल-एक्स. थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं! (हो, पासवर्डशिवाय. लॅबमध्ये ग्रबलाही पासवर्ड का लावावा ते तेव्हा कळलं.) डिस्क आधी रीड-राइट रीमाउंट करायची (लिहिता येईल अशी पुन्हा जोडायची), नाहीतर तिच्यावर काही लिहिताच येत नाही. मग 'शिबिर' नावाचं लोकल खातं काढलं. सहा वेळा.

तुमच्यावर अशी वेळ येणार असेल तर निघण्याआधी एसएसएसडीच्या कॉन्फिगमध्ये पासवर्ड कॅश करण्याचा (पीसीवरच साठवून ठेवण्याचा) पर्याय चालू करा. मुळात तो बंद असतो. पण चालू केला म्हणजे झालं असं नाही. जो माणूस त्या पीसीवर नेटवर्क असताना एकदा तरी लॉगिन झालाय, त्याचाच पासवर्ड कॅशमध्ये जातो. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला आदल्या दिवशी बसवून लॉगिन करायला लावा, कुरकुर करतील तरी. मग पीसी पूर्ण बंद करा, केबल काढा आणि पुन्हा सुरू करून बघा. चालू पीसीची नुसती केबल ओढून केलेल्या चाचणीवर विसंबू नका.

पासवर्ड घेतला, पण पडदा काळा होऊन पुन्हा लॉगिनवरच आला, तर खोट बहुधा दुसरीकडे असते: होम डिरेक्टरी, म्हणजे खात्याच्या फायलींचं घर. आमच्याकडे 'होम' एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या सर्व्हरच्या डिस्कवर होतं. सर्व्हर नाही, म्हणून घर नाही, म्हणून डेस्कटॉप नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर लॉगिन केलंत तर तो डिरेक्टरी सापडत नसल्याचं सरळ सांगतो. ग्राफिकल पडदा मुखदुर्बळ.

याच 'होम'नं परतल्यावर मला घाम फोडला. लॅबमध्ये केबल लावली, 'शिबिर' खात्याचं घर बघायला गेलो, तर त्याच्यासकट मुलांनी दोन दिवस खपून काढलेली चित्रं गायब. मुख्याध्यापकांना ती पाठवतो म्हणालो होतो. चित्रं पुसली गेली नव्हती. लोकल खात्याचं घर मी 'होम'मध्येच बांधलं होतं आणि एनएफएस त्याच्यावर माउंट होऊन बसलं होतं. सतरंजीखाली चिठ्ठी सरकावी तसं. रूटनं अनमाउंट केलं आणि सगळी चित्रं जागच्या जागी दिसली. आता लोकल खात्याचं घर मी 'होम'च्या बाहेर ठेवतो.