होंडा सिटीच्या पुढच्या ब्रेक डिस्क बदलताय? आधी त्या चार स्क्रूंची तयारी करा

जॅक, दोन घोड्या (जॅक स्टँड), मागच्या चाकांना ठोकळे, नटांसाठी १९ चा पाना. यावर वेळ घालवत नाही. एवढंच, की गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका. इथे हातोडा चालणार आहे.

खरी तयारी डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, धरून ठेवणाऱ्या फुलीच्या स्क्रूंची. एम ६ चे, चपट्या डोक्याचे, प्रत्येक चाकाला दोन. गाडीने चार पावसाळे काढले असतील, त्यातून ती मुंबईची किंवा कोकणातली असेल, तर ते गंजून जाम झालेत असंच धरून चाला. त्यांना बिट लागतो ३ नंबरचा. घरात सापडणारा फुलीचा स्क्रूड्रायव्हर बहुतेक वेळा २ नंबरचा असतो. तो खाचेत बसल्यासारखा वाटतो, जरासा हलतो, आणि पहिल्याच जोरात खाच खातो. खाच गोल झाली की पुढे ड्रिलशिवाय गत नाही. तेव्हा ३ नंबर, आणि तोही आदल्या दिवशी, दुकानं उघडी असताना. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या (घावाने स्क्रू फिरवणाऱ्या हत्याराच्या) डबीत असेलच म्हणून निवांत राहू नका. डबी उघडून बिटवरचा आकडा वाचा. बॅटरी ड्रिलचे पाव इंची बिट चालवून घ्यायचा मोहही नको, इम्पॅक्ट ड्रायव्हरला सहसा ५/१६ इंची जाड दांड्याचे लागतात. मूळ स्क्रूंची खाच जपानी मापाची असते. ३ नंबरचा फिलिप्स बिट तळाला टेकून वरच राहत असेल तर त्याचं टोक ग्राइंडरवर केसभर घासा, मग कडा घट्ट बसतात.

इम्पॅक्ट ड्रायव्हर हाताचाच घ्या, ज्याच्या मागे हातोडा मारतात तो. त्याचा घाव बिटला खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो. बॅटरीचा इम्पॅक्ट नुसता फिरवतो, त्यामुळे बिट उसळतो. हातोडा किलोभराचा तरी हवा. खिळे ठोकायची हातोडी फक्त आवाज करते. ड्रायव्हर उघडण्याच्या दिशेला लावलाय ना, हे एखाद्या सुट्या नटावर तपासा. उलट्या दिशेला लावून घाव घातलात तर जाम स्क्रू आणखी आवळला जाईल.

बाकी सामान: तारेचा ब्रश, दाभण, गंज सोडवणारा स्प्रे, पंच, ३, ५ आणि ६.५ मिमीचे एचएसएस (धातू कापणारे) ड्रिल, ग्रिप प्लायर, डोळ्यांना चष्मा, एम ८ चे १.२५ पिचचे दोन लांब बोल्ट. आणि चार नवे स्क्रू. जुने बरे निघाले तरी खाच दुखावलेली असते, ते परत लावू नका.

आता क्रम. चाक काढलं की कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीला) हात लावायच्या आधी स्क्रू सैल करा, दोन्ही बाजूंचे चारही. कोणाला तरी ब्रेक दाबून बसवा म्हणजे डिस्क फिरणार नाही. या क्रमाचा दुसरा फायदा मोठा आहे: स्क्रू हटलाच नाही तर चाक लावून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. कॅलिपर सोडून बसलात की गाडी जागची हलत नाही.

खाचेतला गंज दाभणाने पूर्ण उकरून काढा. तळाशी माती राहिली तर ३ नंबरचा बिटही २ नंबरसारखाच वागेल. स्प्रे मारून रात्रभर ठेवा, पण आटे डोक्याच्या मागे असल्याने त्यावर फार भिस्त नको. पॅड तेच ठेवणार असाल तर त्यांच्यावर थेंब उडू देऊ नका. मग बिट सरळ धरा, ड्रायव्हर हाताने डावीकडे पिळून ताण द्या आणि घाव घाला. चार-पाच घावांत सुटतो. बिट तिरका झाला की थांबा, पुन्हा बसवा. गॅसची ज्योत लावायचा सल्ला कोणीतरी देईलच. शेजारी बेअरिंगचं ग्रीस आणि एबीएसची वायर आहे, नको.

तरीही खाच गेलीच तर मध्यभागी पंच मारा, आधी ३, मग ५, मग ६.५ चं ड्रिल. हळू फिरवा, तेलाचा थेंब देत राहा. डोकं सुटून ड्रिलवर चढलं की तिथेच थांबा, खोल गेलात तर हबचे आटे जातील. डिस्क निघाल्यावर उरलेला तुकडा ग्रिप प्लायरने बहुधा सहज फिरतो, कारण डोक्याचा ताण गेलेला असतो. तो तुटून आतच राहिला तरी घाबरू नका. चालत्या गाडीत डिस्क चाकाचे नट दाबून धरतात. स्क्रू आहे तो चाक नसताना डिस्क जागेवर राहावी म्हणून.

कॅलिपर तारेने टांगा, ब्रेकच्या रबरी नळीवर (होजवर) लटकवू नका. त्याचा ब्रॅकेटही काढावा लागतो. डिस्क हबला चिकटली असेल तर तिच्यातल्या आट्याच्या दोन भोकांत एम ८ चे बोल्ट आळीपाळीने आवळा.

हब तारेच्या ब्रशने चकचकीत करा, नाहीतर डिस्क वाकडी बसून पेडल थरथरेल. नवी डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. नव्या स्क्रूच्या आट्यांना कॉपर ग्रीस, अगदी थोडं, आणि साधारण १० न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाचा जोर. हातात स्क्रूड्रायव्हर? ३ नंबर. इम्पॅक्ट ड्रायव्हर इथे नको.

ब्रॅकेट, कॅलिपर, चाक. नट १०८ न्यूटन-मीटर. गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा.