डॉबरमनची रक्तस्रावाची जनुकीय चाचणी: या चुका टाळा

डॉबरमनचं पिल्लू घरी आलं की लस, जंताचं औषध सगळं वेळच्या वेळी होतं. वॉन विलेब्रँड या आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजाराचं नाव मात्र नसबंदीचे टाके पाझरायला लागल्यावर कानावर पडतं. इंदूरमध्ये आपल्या माणसांच्या घरी हे होताना पाहते, म्हणून कळकळीने सांगते: चाचणी ऑपरेशनच्या आधी करा. रिपोर्टला थांबता येत नसेल तर डॉक्टर ओठाच्या आतल्या बाजूला बारीक चीर देऊन, टिपकागदाने रक्त टिपत वेळ मोजतात. साधारण 4 मिनिटांत रक्त थांबायला हवं.

नाकातून रक्त आलं की थेट डीएनए चाचणीकडे धावणं, ही दुसरी चूक. आपल्याकडे गोचिडांच्या तापात प्लेटलेट्स उतरतात, उंदराच्या विषानेही रक्त वाहतं. आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करा. विष पोटात गेलं असेल तर व्हिटॅमिन के1 लगेच लागतं.

नमुना घेताना पिल्लू आईला पीत असेल तर तिच्या पेशीही स्वॅबवर (नमुना घेण्याच्या कापसाच्या काडीवर) येतात. म्हणून आधी थोडा वेळ वेगळं ठेवा. स्वॅब गालाच्या आतून नीट फिरवा, हवेत पूर्ण वाळवा आणि कागदी पाकिटात घाला. पावसाळ्यात ओला स्वॅब प्लॅस्टिकमध्ये कोंडला की बुरशी धरते.

सगळ्यात जास्त घोळ रिपोर्ट वाचताना होतो. ‘कॅरिअर’ म्हणजे आजारी नव्हे. सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या डॉबरमनला सहसा त्रास होत नाही. त्याची जोडी ‘क्लिअर’शी, म्हणजे सदोष प्रत नसलेल्या कुत्र्याशी लावली तर एकही पिल्लू ‘अफेक्टेड’ (दोन्ही प्रती सदोष) निघत नाही, सरासरी निम्मी कॅरिअर होतात. असं चांगलं कुत्रं पैदाशीतून बाद करू नका. ‘क्लिअर’ही फक्त तपासलेल्या दोषापुरतंच. स्कॉटिश टेरिअरमध्ये दोष वेगळा, त्याला डॉबरमनची चाचणी चालत नाही. जर्मन शेफर्डमध्ये दिसणारा ‘हिमोफिलिया ए’ हा दुसरा रक्तस्रावाचा आजार एक्स गुणसूत्रावरून येतो: मादी वाहक, रक्तस्राव बहुतेक नरांना. त्यात दोष अनेक प्रकारचे असतात, म्हणून रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर 8 या प्रथिनाची पातळी तपासायला सांगा.

कुत्रं अफेक्टेड निघालं तर घरातली अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन त्याला कधीच देऊ नका. ऑपरेशन टळणारं नसेल तर रक्तस्राव कमी करणारं डेस्मोप्रेसिन हे औषध आणि रक्त देणारं कुत्रं, दोन्हींबद्दल डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरपासून जवळच आहे, तिथेही विचारा.