अरुंद गल्लीतून बस आणि अग्निशमनाचा बंब निघावा, यासाठी रहिवाशांनी काय करावे

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर अशा भागांत जुन्या बंगल्यांच्या जागी अनेक मजली इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांच्यामधले रस्ते बंगल्यांच्या काळातल्याच रुंदीचे, म्हणजे बहुतेक ठिकाणी सहा ते नऊ मीटरचे, राहिले. याच रस्त्यांवर आज दोन्ही बाजूंना मोटारी लागतात, सकाळी शाळेच्या बस येतात, हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस कोपऱ्यावर थांबतात आणि काही गल्ल्यांत ट्रॅव्हल्सच्या गाड्या रात्रभर उभ्या असतात. आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आजोबांना रात्री छातीत दुखू लागले, तेव्हा १०८ची रुग्णवाहिका वेळेवर आली खरी, पण कोपऱ्यावर लावलेल्या एका मोटारीमुळे तिला आत वळता आले नाही. आम्ही चौघांनी आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत नेले. दोन्हीकडच्या मोटारींच्या मधून जाताना खुर्चीचे हात त्यांच्या आरशांना घासत होते. आजोबा वाचले. त्यानंतर जे काम आम्ही हाती घेतले, ते करताना काय उपयोगी पडले आणि कशात वेळ वाया गेला, ते इतर गल्ल्यांतील रहिवाशांच्या कामी यावे म्हणून लिहीत आहे.

आधी टेप घेऊन मोजावे

'आमच्या गल्लीत फार गर्दी असते, काहीतरी करा,' अशा अर्जावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही, कारण नेमके काय करायचे, हे त्यात लिहिलेलेच नसते. म्हणून पहिले काम मोजणीचे आहे. रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, दोघांनी तीस मीटरचा टेप घेऊन गल्लीची रुंदी किमान चार ठिकाणी मोजावी: दोन्ही तोंडांशी, मध्यावर आणि जिथे ती सर्वांत चिंचोळी आहे तिथे. माप कागदावरच्या रुंदीचे नव्हे, तर वाहनाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या रुंदीचे घ्यावे. विजेचा खांब, डीपी (वीजवितरणाची पेटी), झाडाचा पार किंवा कचऱ्याचा डबा रस्त्यात आला असेल, तर तो सोडून उरलेले अंतर धरावे. आमची गल्ली कागदोपत्री साडेसात मीटरची आहे, पण डीपीजवळ टेप सहा मीटर दहा सेंटिमीटरवर थांबला, आणि आमच्या अर्जातला सर्वांत कामाचा आकडा तोच ठरला.

पुढचा हिशोब सोपा आहे. मध्यम आकाराची मोटार साधारण पावणेदोन मीटर रुंद असते, आणि कडेपासून थोडे अंतर सोडून ती लावली की रस्त्याचे दोन मीटर जातात. सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी लागल्या, तर मधे दोनच मीटर उरतात. बसची कायद्याने कमाल रुंदी २.६ मीटर आहे आणि मोठा अग्निशमन बंबही जवळपास तितकाच असतो, म्हणजे ही दोन्ही वाहने तिथून जाऊच शकत नाहीत, चालक कितीही कुशल असो. एकाच बाजूला मोटारी लावल्या, तर चार मीटर उरतात आणि दोन्ही वाहने सहज जातात. साडेसात मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या पार्किंगनंतर साडेतीन मीटर उरतात, ज्यातून बस जाते, पण त्या वेळी दुचाकीस्वाराला आणि पायी चालणाऱ्याला कुठेच जागा राहत नाही. म्हणून साडेसात मीटरपर्यंतच्या निवासी रस्त्यावर एकाच बाजूला पार्किंग असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजणीनंतर गाड्यांची नोंद करावी. एकाच आठवड्यात पहाटे सहा, दुपारी बारा आणि रात्री दहा अशा तीन वेळा गल्लीतून फिरून कोणती गाडी कुठे उभी आहे, ती रहिवाशांची आहे की बाहेरची, आणि कोणती गाडी तिन्ही वेळा जागची हललेली नाही, हे वहीत लिहावे. ही नोंद करण्यापूर्वी आमच्यापैकी प्रत्येकाची खात्री होती की गर्दी बाहेरच्या गाड्यांची आहे. प्रत्यक्षात पहाटेच्या निम्म्याहून अधिक गाड्या आमच्याच सोसायट्यांच्या निघाल्या. हे आधी कळले, ते बरे झाले, कारण अन्यथा आम्ही चुकीच्या दाराशी भांडत बसलो असतो.

कोपरा सर्वांत आधी

गल्लीच्या लांबीपेक्षा तिचा कोपरा महत्त्वाचा आहे. बारा मीटर लांबीची बस वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या कोपऱ्याकडे सरकतात. त्यामुळे आतल्या कोपऱ्याला लागून एक मोटार उभी असली की अख्खी बस अडते. आमच्या कोपऱ्यावर हे रोज घडत असे. वाहक खाली उतरून शिट्टी वाजवी, मग दोन जण मिळून एखाद्या स्कूटरचे मागचे चाक उचलून ती हातभर सरकवत, आणि तोवर मागे मुख्य रस्त्यापर्यंत रांग लागलेली असे. रहदारीच्या नियमांनुसार चौकात, वळणावर, पदपथावर, दुसऱ्याच्या फाटकासमोर आणि अग्निशमनाच्या नळाजवळ (हायड्रंट) गाडी लावता येत नाही, मग तिथे फलक असो वा नसो. तरीही फलक नसला की लोक लावतात. म्हणून पहिली मागणी गल्लीच्या दोन्ही तोंडांशी पहिले दहा मीटर, दोन्ही बाजूंना, पिवळा पट्टा आणि 'नो पार्किंग' फलक एवढीच करावी. ही मागणी लहान असल्याने तिला विरोध जवळजवळ होत नाही आणि तिचा परिणाम मात्र त्याच आठवड्यात दिसतो.

दुसरी मागणी एका बाजूच्या पार्किंगची असावी. पुण्यात 'पी-१, पी-२' म्हणजे सम आणि विषम तारखांना आलटून पालटून पार्किंगची पद्धत अनेक रस्त्यांवर आहे, आणि दुकानांच्या रस्त्यावर ती न्याय्यही आहे. निवासी गल्लीत मात्र रात्री लावलेली गाडी सकाळी आठ-नऊपर्यंत हलत नाही. त्यामुळे तारीख बदलली की जुन्या बाजूच्या गाड्या तशाच राहतात, नव्या बाजूला नव्या येतात, आणि नेमक्या शाळेच्या बसच्या वेळी दोन्ही बाजू भरलेल्या असतात. म्हणून कायमची एकच बाजू मागावी. ती निवडताना ज्या बाजूला फाटके, खांब आणि वळणे जास्त आहेत ती मोकळी ठेवावी.

प्रत्येक बसचे दार वेगळे

सगळ्या बसविरुद्ध एकच तक्रार करणे ही आमची पहिली चूक होती. शाळेच्या बसबाबत शाळेकडे जावे. महाराष्ट्रात २०११ सालच्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालक-शिक्षक संघ, वाहतूक पोलीस व परिवहन विभाग यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. या समितीला लेखी विनंती करावी की बसने गल्लीत शिरण्याऐवजी जवळच्या रुंद रस्त्यावर एक सामाईक थांबा घ्यावा. आमच्या पालकांना सुरुवातीला हे पटले नाही. दोन पालकांनी पाळीपाळीने सगळ्या मुलांना थांब्यापर्यंत चालवत न्यायचे ठरवले, तेव्हा पटले.

कंपनीच्या बसचा चालक बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो आणि थांबा ठरवणे त्याच्या हातात नसते, त्याच्याशी हुज्जत घालू नये. त्या कंपनीत काम करणारा एखादा रहिवासी शोधून त्याच्यामार्फत कंपनीच्या वाहतूक विभागाकडे थांब्याचे पर्यायी ठिकाण, वेळ आणि छायाचित्र पाठवावे. ट्रॅव्हल्सची बस रात्रभर उभी राहत असेल, तर तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक दिसेल अशी छायाचित्रे किमान पाच रात्री काढून वाहतूक पोलीस आणि प्रादेशिक परिवहन कार्यालय या दोघांकडे तक्रार करावी. एका रात्रीचे छायाचित्र असले की मालक 'बिघाड झाला होता' असे सांगतो आणि विषय संपतो.

पीएमपीएमएलच्या, म्हणजे शहराच्या सार्वजनिक बससेवेच्या, बसबाबत माझी कळकळीची विनंती आहे की ती गल्लीतून काढून टाका, अशी मागणी कोणीही करू नये. ती बस गेली, तर तिच्यातून जाणाऱ्या ज्येष्ठांना रिक्षा आणि तरुणांना दुचाकी घ्यावी लागते, आणि त्या दुचाक्या संध्याकाळी त्याच गल्लीत येऊन उभ्या राहतात. मागायचेच असेल, तर त्या मार्गावर लहान लांबीची बस मागावी. जुलै २०२१ मध्ये 'पुण्यदशम' या नावाने मध्यवर्ती पेठांच्या भागात दहा रुपयांत दिवसभर प्रवास देणाऱ्या छोट्या बस सुरू झाल्या, त्या अरुंद रस्त्यांचा विचार करूनच, आणि अर्जात हा दाखला देता येतो.

आपल्या सोसायटीच्या आत पाहावे

पहाटेच्या नोंदीत आपल्याच गाड्या निघाल्या, तर इमारतीचा मान्य नकाशा काढून पाहावा. अनेक इमारतींत नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेल्या तळमजल्यावर कार्यालय, गोदाम किंवा कुलूपबंद खोली झालेली असते. इमारतीखालचे खुले पार्किंग बिल्डरला सदनिकेपासून वेगळे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिलेला आहे, आणि त्या जागेचे वाटप सोसायटीने उपविधींनुसार करायचे असते. हा विषय सर्वसाधारण सभेत मांडावा, वर्षानुवर्षे पडून असलेले सामान हलवावे, आणि बेकायदा बांधकाम असेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागाला कळवावे. आमच्या इमारतीत जुनी दारे, रंगाचे डबे आणि एक मोडका झोपाळा काढल्यावर तीन मोटारींची जागा निघाली. त्यासाठी कोणाचीही परवानगी लागली नाही.

तिन्ही वेळा जागेवर दिसलेल्या, चाकातली हवा गेलेल्या, धूळ साचलेल्या गाड्यांची वेगळी यादी करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन उचलून नेण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला आहे. यादी देण्यापूर्वी गाडीच्या काचेवर चार दिवस चिठ्ठी लावून ठेवावी, कारण मालक कधी कधी शेजारच्याच इमारतीत आजारी पडलेला असतो.

अर्ज आणि पाठपुरावा

पार्किंगची बाजू ठरवणारा आदेश पुण्यात पोलीस उपायुक्त (वाहतूक) मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली काढतात, तर पट्टे आणि फलक महापालिकेचे काम असते. म्हणून एकच अर्ज दोन्हीकडे द्यावा आणि प्रत आपल्या भागाच्या वाहतूक विभागाच्या निरीक्षकांना द्यावी, कारण स्थळपाहणीला तेच येतात. मजकूर एका पानात बसावा. आमच्या अर्जाचा गाभा असा होता:

'आमच्या रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी सर्वांत अरुंद ठिकाणी ६.१० मीटर असून दोन्ही बाजूंना वाहने उभी राहिल्यास मध्ये सुमारे २ मीटर जागा उरते. त्यामुळे रुग्णवाहिका, अग्निशमन वाहन व बस यांना जाता येत नाही. तरी रस्त्याच्या दोन्ही तोंडांशी १० मीटर अंतरात दोन्ही बाजूंना आणि उर्वरित रस्त्यावर उत्तर बाजूला नो पार्किंग करण्याचा आदेश प्रायोगिक तत्त्वावर काढावा, ही विनंती. सोबत मोजमापाचा नकाशा, छायाचित्रे व रहिवाशांच्या सह्या जोडल्या आहेत.'

सह्या गल्लीतल्या प्रत्येक इमारतीतून घ्याव्यात आणि दुकानदारांनाही विचारावे, कारण तात्पुरता आदेश निघाला की हरकती व सूचना मागवल्या जातात आणि न विचारलेला माणूस तिथे हरकत घेतो. अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. महिन्याभरात काही हालचाल झाली नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून 'या आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणती कार्यवाही झाली' आणि 'स्थळपाहणी अहवालाची प्रत द्यावी' एवढेच विचारावे. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, आणि उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. आमच्या अर्जाची फाइल या प्रश्नानंतरच हलली.

आदेश निघाल्यावर पहिले दोन आठवडे कोणीतरी सकाळी गल्लीत उभे राहून शांतपणे सांगण्याची गरज असते. नियम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १५०० रुपये दंड आहे, हे सांगितले की बहुतेक जण गाडी हलवतात. ओळखीच्या माणसाला सांगणे अवघड जाते, तेव्हा दुसऱ्या इमारतीतल्या व्यक्तीने सांगावे. पावसाळ्यानंतर पिवळा पट्टा पुसट होतो आणि पट्टा पुसला की कोपऱ्यावर पुन्हा गाडी लागते. म्हणून दर दिवाळीच्या आधी त्याच टेपने कोपरा मोजून, जुना आवक क्रमांक आणि आदेशाची तारीख लिहून, पट्टे पुन्हा मारण्याचा दोन ओळींचा अर्ज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्यावा.