खोकल्यावर मध : कसा द्यावा, कोणाला देऊ नये

डिसेंबरात नागपूरचा पारा उतरला की मोमिनपुऱ्यापासून महालापर्यंत घराघरांत मधाची बाटली खाली काढली जाते, आणि बहुधा तेव्हाच तळाशी पांढरट रवाळ थर दिसतो. हा थर म्हणजे भेसळ नव्हे; थंडीत मधातील ग्लुकोजचे स्फटिक बनतात. बाटली कोमट पाण्यात ठेवावी, मध गॅसवर तापवू नये, कारण उष्णतेने त्यातील ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) निकामी होते. मध पाण्याने पातळ झाला की हेच विकर जंतुनाशक हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते.

कुरआनच्या सूरह अन-नहलमध्ये (आयत ६९) मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या पेयात लोकांसाठी ‘शिफा’ म्हणजे आजारातून बरे करण्याचा गुण असल्याचे म्हटले आहे. पोटाच्या तक्रारीवर मध पुन्हापुन्हा देण्यास सांगितल्याची हदीसही (पैगंबरांच्या वचन-आचरणाची नोंद) प्रसिद्ध आहे. तरी जुलाबात आज जलसंजीवनीच (ओआरएस) आधी द्यावी.

खोकल्यासाठी झोपण्यापूर्वी दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा, तर त्याहून मोठ्याला एक चहाचा चमचा मध चाटवावा. एक वर्षाखालील बाळाला मात्र, घरातील वडीलधाऱ्यांनी कितीही प्रेमाने आग्रह केला तरी, बोटभरही चाटवू नये. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा प्राणघातक आजार होऊ शकतो. मधुमेहींनी मध साखरेतच मोजावा. जखमेवर डब्यातला मध लावू नये, रुग्णालयांत त्यासाठी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला वेगळा मध वापरतात.