गावातल्या भिंतीवर चित्र काढून घ्यायचंय? आधी भिंत ठरवा

सिन्नर, येवला, निफाड, इगतपुरी अशा गावांत नगरपरिषद, शाळा किंवा एखादं मंडळ चित्रकाराला बोलावतं, तेव्हा पहिली चर्चा चित्रात काय असावं याचीच होते. ती दुसऱ्या बैठकीला ठेवा. दोन पावसाळ्यांत चित्राला पोपडे धरतात, ते बहुतेक वेळा भिंतीत मुरलेल्या पाण्यामुळे. भारीतला रंग आणला म्हणून ते थांबत नाहीत.

भिंत सप्टेंबरात, पाऊस सरता सरता बघायला जा. तेव्हा तिचे सगळे दोष उघडे असतात. वरच्या कडेला कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचं झाकण) फुटलंय का, पन्हळाचं पाणी अंगावर येतं का, मागे मातीचा भराव आहे का, हे आधी बघा. भराव असलेली आवारभिंत चित्रासाठी घेऊच नका. माती ओल धरून ठेवते, ती ओल आरपार येते आणि रंगाला आतून ढकलते. छिन्नीच्या दांड्याने हातभर अंतरावर ठोकत जा. आवाज पोकळ आला की तिथला गिलावा सुटलाय. तळहात घासून पांढरी पूड आली तर जुना चुना किंवा डिस्टेंपर भुगा होतोय, म्हणजे तो तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडावा लागेल. शेवटी दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिक कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला तर भिंत अजून ओली आहे, थांबा.

दुरुस्ती गवंड्याकडून करून घ्या. नव्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारायचं आणि एकूण किमान २८ दिवस जाऊ द्यायचे. ताज्या सिमेंटचा क्षार रंगाचा बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा घटक, खातो, त्यामुळे लाल-जांभळे रंग डागाळतात. लोणा (भिंतीतून बाहेर येणारं पांढरं मीठ) फुटला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर मीठ विरघळून परत आत जातं. घरातली पुट्टी बाहेर वापरू नका. भेगा बाहेरच्या कामाच्या अ‍ॅक्रिलिक फिलरने भरा.

भिंतीचं तोंड कुठे आहे याला फार महत्त्व आहे. दक्षिण-पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, तिथे भडक पिवळे आणि गुलाबी रंग लवकर उतरतात. गेरू, पिवळी माती, काळा असे ऑक्साइडचे रंग टिकतात. अशा भिंतीवरचं चित्र याच रंगांभोवती बांधा. खालच्या दोन फुटांत चेहरा किंवा अक्षरं नकोत. तिथे चिखल उडतो, गाड्या टेकतात. गडद गेरूचा पट्टा द्या.

परवानगी तोंडी घेऊ नका. मालकाची लेखी संमती आणि नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांचं पत्र, दोन्ही हवीत. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या संरक्षित स्मारकाजवळ पुरातत्त्व खात्याला आधी विचारा. भिंतीजवळून विजेच्या तारा जात असतील तर परांची बांधण्याआधी महावितरणकडे जा.

करारात चित्राचा आकार, रंगाचा प्रकार, परांची कोणाची, दुरुस्ती कोणाची आणि स्केच किती वेळा बदलून मिळेल हे लिहा. दोनदा पुरे. समितीतल्या प्रत्येकाची स्केचवर सही घ्या, नाहीतर उद्घाटनाच्या आठवड्यात चित्रातल्या माणसाला नवा फेटा आणि नवा रंग सुचतो. पैसे टप्प्यांत द्या: स्केच मंजूर झाल्यावर ३० टक्के, रेखांकन झाल्यावर ४०, काम संपल्यावर २०, आणि पहिला पावसाळा गेल्यावर १०. पुढे भिंत पाडायची झाली तर चित्रकाराला किती दिवस आधी कळवायचं, तेही ठरवा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढलं. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने अवशेष कलाकाराला परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

आता साहित्य. ३० बाय १२ फुटांची भिंत म्हणजे ३६० चौरस फूट. बाहेरच्या कामाचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर एका हाताला (एका थराला) चार लिटर लागतो, खडबडीत भिंतीला पाच. पायाच्या रंगाचे दोन हात द्यायला साधारण सात-आठ लिटर एक्सटीरियर इमल्शन जातं; दहाचा डबा घ्या, उरलेलं दुरुस्तीला येतं. चित्राचे रंग एक-एक लिटरचे, आणि मोठ्या भागाचा रंग मशीनवर एकाच वेळी बनवून घ्या. साध्या डब्यात स्टेनर (रंग मिसळायचा घट्ट द्रव) ओतून गडद छटा काढली तर दुसऱ्या दिवशी ती तशीच जुळत नाही, आणि जास्त स्टेनरने रंग पावसात ओघळतो.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निफाडकडे थंडीत पारा कधीकधी दहाच्या खाली जातो, तेवढ्या गारठ्यात इमल्शनचा थर नीट जुळत नाही. दव वाळल्यावर सकाळी दहाला सुरू करा, साडेचारला थांबवा. मार्च-एप्रिलमध्ये करायचंच असेल तर परांचीला हिरवी जाळी बांधा, नाहीतर तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशमध्येच आटतो.

रेखांकनाला स्केच एक इंचास एक फूट या प्रमाणात काढा, म्हणजे ३० बाय १२ इंचांचा कागद. भिंतीवर पाण्याच्या नळीने लेव्हल काढून लाइनदोरी मारा. जमिनीवरून माप घेऊ नका, गावातला रस्ता क्वचितच सपाट असतो. स्केच मोठं करून उतरवायला भिंतीवर चौकोन आखा; एरवी दोन फुटांचे चालतात, पण चेहऱ्यावर एक फुटाचेच. चेहरा काढून झाला की खाली उतरा, रस्त्यापलीकडे जा आणि तिथून बघा. परांचीवर सरळ दिसणारा डोळा खालून तिरका दिसतो. अक्षरं ५० फुटांवरून वाचायची असतील तर शिरोरेषेखाली सहा इंच उंची ठेवा, वेलांटी-मात्रेला वर निम्मी जागा द्या.

वरून चकचकीत वॉर्निश मारू नका; ओल अडकून पांढरे ढग येतात. पाण्यातलं, भिंतीला श्वास घेऊ देणारं मॅट क्लिअर कोटिंग चालतं, तेही भिंत पूर्ण वाळल्यावरच. प्रत्येक रंग पाव लिटर छोट्या बरणीत, रंगाचा कोड आणि बॅच नंबर लिहून, शाळेच्या किंवा नगरपरिषदेच्या कपाटात ठेवा. दर ऑक्टोबरात मऊ ब्रशने साध्या पाण्याने चित्र धुवा आणि कोपिंगची भेग त्याच दिवशी भरा.