छोट्या नर्सिंग होममध्ये संसर्ग कुठून शिरतो? या चुका टाळा

इंदूरच्या जुन्या वस्त्यांमधली बरीच छोटी नर्सिंग होम्स मुळात राहती घरं. दहा-पंधरा खाटा, जिन्याखाली स्टोअर, मागच्या न्हाणीत हत्यारं धुवायची सोय, रात्रीला एक सिस्टर आणि एक आयाबाई. मोठी यंत्रं नसल्यामुळे इथे संसर्ग होतो, असं अनेकांना वाटतं. खरं तर तो अनेकदा ओल्या राहिलेल्या वस्तूंमधून आणि दोन रुग्णांत वाटून वापरलेल्या बाटल्यांमधून येतो. स्यूडोमोनाससारख्या जंतूला जगायला थोडं साचलेलं पाणी पुरतं, फरशीला फिनाइलचा कितीही वास येत असला तरी. ऑगस्ट २०१९मध्ये आपल्याच शहरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांची दृष्टी गेली. तेव्हा ही काळजी फक्त मोठ्या हॉस्पिटलांनी करायची नाही.

फ्लशची सामाईक बाटली

सिस्टरच्या ट्रॉलीवर सलाइनची बाटली, तिच्या बुचात १८ नंबरची सुई खुपसून ठेवलेली, आणि दिवसभर ज्याला लागेल त्याच्या फ्लशसाठी, म्हणजे शिरेत बसवलेली नळी (कॅन्युला) धुवायला, त्यातून ५ मिली ओढायचं. या यादीतली सगळ्यात धोकादायक सवय हीच. सुई खुपसलेली राहिली की बाटली उघडीच राहिली. त्यात एका रुग्णाला वापरलेली सिरिंज फक्त सुई बदलून पुन्हा घातली, तर त्याचं रक्त पुढच्या सगळ्यांपर्यंत जातं. सुई बदलली तरी सिरिंजच्या आत रक्ताचा अंश शिरलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही एवढंच. हिपॅटायटिस बी आणि सी असेच पसरतात.

फ्लशसाठी १० मिलीची प्लास्टिक अँप्यूल घ्या, एका रुग्णाला एक, उरलं तर फेका. झायलोकेनसारख्या (बधिर करायचं औषध) अनेक डोसांच्या व्हायलवर, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीवर, उघडल्याची तारीख लिहा आणि २८ दिवसांनी, किंवा कंपनीने कमी मुदत दिली असेल तर तेव्हा, ती टाकून द्या. व्हायल रुग्णाच्या खाटेपाशी नेऊ नका, औषध स्वच्छ टेबलावरच भरा. बुच आणि कॅन्युलाचं तोंड ७० टक्के अल्कोहोलने निदान १५ सेकंद घासा आणि वाळू द्या. ओलं असतानाच सुई घातली तर घासण्याचा पुरेसा उपयोग होत नाही.

सलाइन नीट उतरत नाही म्हणून बाटलीच्या बुडाला हवेसाठी सुई टोचणं हीसुद्धा तशीच चूक. त्या भोकातून वॉर्डातली न गाळलेली हवा थेट सलाइनमध्ये जाते. हवेचा फिल्टर असलेला सेट मागवा किंवा आपोआप आकसणारी पिशवी वापरा.

ऑक्सिजनची बाटली आणि बेसिनचा नॅपकिन

ऑक्सिजन पाण्यातून सोडणाऱ्या बाटलीत, म्हणजे ह्युमिडिफायरमध्ये, नळाचं किंवा आरओचं पाणी भरायचं आणि कमी झालं की वरून ओतायचं, हे जवळजवळ सर्वत्र चालतं. बुडबुड्यांबरोबर त्यातले जंतू सरळ रुग्णाच्या श्वासात जातात. फक्त निर्जंतुक पाणी भरा, खुणेइतकंच. वरून भर घालू नका. रोज बाटली रिकामी करून धुवा, पूर्ण वाळवा, मग नवं पाणी घाला. मोठ्या माणसाला नाकातल्या नळीने ४ लिटरपर्यंत ऑक्सिजन द्यायचा असेल तर सहसा पाण्याची गरजच नसते. बाटली कोरडी ठेवा, एक काळजी मिटते.

बेसिनपाशी लटकलेला, सकाळपासून दहा जणांनी हात पुसलेला नॅपकिन आजच काढा. पेपर टॉवेल परवडत नसेल तर छोटे सुती रुमाल एकदा वापरून धुवायला टाका. साबणाची वडी पाण्यात भिजत पडू देऊ नका. लिक्विड सोपच्या बाटलीत उरलेल्यावर नवं ओतू नका, बाटली धुवून वाळवून मगच भरा. सॅनिटायझर दाराशी टांगण्यापेक्षा प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी ठेवा. साधारण ३ मिली घेऊन २० ते ३० सेकंद, हात आपोआप वाळेपर्यंत चोळायचं. जुलाबाच्या रुग्णानंतर मात्र साबण-पाणीच हवं, ४० ते ६० सेकंद.

ऑटोक्लेव्ह: काटा १५वर, तरी हत्यारं निर्जंतुक नाहीत

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं भांडं. उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये हवा अडकली की दाबाचा काटा फसवतो. पूर्ण वाफ असेल तर १५ पौंड दाबाला १२१ अंश सेल्सियस तापमान मिळतं. अर्धी हवा आत राहिली तर त्याच १५ पौंडाला जेमतेम ११२. म्हणून झाकण लावल्यावर वरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, सलग जोरदार वाफ सुटू द्या, मगच बंद करा. वेळ बटण दाबल्यापासून नाही, १२१ अंश गाठल्यापासून मोजा. गुंडाळलेल्या पॅकसाठी ३० मिनिटं. पॅक ठेवायच्या ड्रमच्या बाजूची भोकं आत जाताना उघडी आणि बाहेर काढताक्षणी बंद. ड्रम इतका ठासून भरू नका की पॅकच्या मधून हात सरकणार नाही.

पॅक ओले निघतात ही नेहमीची तक्रार. कारणं तीन: जास्त भरणं, वाळवण्याची वेळ न देणं आणि गरम पॅक थेट थंड ओट्यावर ठेवणं. दाब शून्यावर आल्यावर झाकण थोडं किलकिलं करून १५-२० मिनिटं थांबा. ओला कपडा बाहेरचे जंतू आत शोषून घेतो, त्यामुळे ओला पॅक निर्जंतुक धरायचा नाही, पुन्हा लावायचा. बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतो, डिस्टिल्ड पाणीच वापरा.

पॅकवर चिकटवलेल्या टेपवर काळे पट्टे उमटले म्हणजे पॅकला उष्णता लागली, इतकंच कळतं. मोठ्या पॅकच्या मधोमध क्लास ५ची पट्टी (वेळ, तापमान आणि वाफ तिन्ही पुरेशी मिळाली का ते दाखवणारी) ठेवा आणि आठवड्यातून एकदा स्पोअरची, म्हणजे चिवट बीजाणू असलेली, व्हायल लावा. सोबत न वाफवलेली एक व्हायल तुलनेसाठी ठेवा. तिचा रंग बदलायलाच हवा आणि वाफवलेलीचा बदलता कामा नये. वाफवलेलीचा बदलला तर मागच्या चांगल्या रिझल्टनंतरचे सगळे पॅक परत मागवा. याला घाबरून व्हायल लावणंच बंद करू नका.

लॅप्रोस्कोपीची (दुर्बिणीच्या ऑपरेशनची) हत्यारं ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात घालताना आधी सांधे उघडून, ब्रशने घासून, वाळवून घाला. ओली घातली तर औषध पातळ होतं. २ टक्के द्रावणात २० मिनिटांत फक्त वरच्या दर्जाचं जंतुनाशन (हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन) होतं, पूर्ण निर्जंतुकीकरण नाही. बीजाणूंसकट सगळं मारायला १० तास लागतात. साधारणपणे १४ दिवसांची मुदत असली तरी टेस्ट स्ट्रिप नापास झाली तर त्याआधीच टाकून द्या. आणि शेवटी निर्जंतुक पाण्यानेच धुवा. इथे नळाचं पाणी वापरलं की सगळी मेहनत वाया जाते. ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी पोर्टच्या जागी (पोटाला पाडलेल्या छोट्या भोकाच्या जागी) गाठ, पाझर, साध्या अँटिबायोटिकला दाद नाही, असं दिसलं तर क्षयाच्या जातकुळीतल्या पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियाचा संशय घ्या. साध्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) तो सहसा हाती लागत नाही. पू एएफबी कल्चरला, म्हणजे क्षयाच्या जातीच्या जंतूंसाठीच्या तपासणीला, पाठवा.

हायपो किती टक्के?

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक. जारवर ५ टक्के लिहिलं असेल तर १ लिटर हायपोत ४ लिटर पाणी, की १ टक्का झालं. १० टक्के असेल तर १ लिटरला ९ लिटर. लेबल न वाचता अंदाजाने एक झाकण ओतणं निरुपयोगी आहे. मे महिन्यात गच्चीच्या खोलीत ठेवलेल्या जारची ताकद उतरलेली असते. सावलीत, घट्ट बंद ठेवा आणि द्रावण रोज नवं करा. रक्त सांडलं तर ग्लोव्ह घालून आधी टिश्यूने झाका, मग कडेकडून आत १ टक्का ओता, १० मिनिटं थांबा, उचलून पिवळ्या पिशवीत टाका, जागा साबणाने पुसून पुन्हा हायपो लावा. उघड्या रक्तात क्लोरीन लगेच संपतं, म्हणून ही दुसरी फेरी चुकवू नका. हायपोत टॉयलेटचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. वॉर्डात कोरडा झाडू मारू नका, ओल्या पोछ्यानेच पुसा.

नातेवाईकांना सांगायच्या गोष्टी

आजोबांना संडासला नेताना मुलगा लघवीची पिशवी उचलून खाटेवर किंवा खांद्याशी धरतो. नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी नेहमी कंबरेखाली, पण जमिनीला टेकवायची नाही, आणि नळीचा जोड उघडायचा नाही. सिस्टरने रोज विचारावं: ही नळी आज लागतेच का? लागत नसेल तर काढा. कॅन्युलाचंही तसंच, टोचलेल्या जागी लाली, सूज, दुखणं दिसलं की लगेच काढा.

ताप येऊ लागला तर

सलाइन लावल्यावर अर्ध्या-एक तासात एकाच वॉर्डात दोघांना थंडी वाजून ताप आला तर सलाइन बंद करा, पण बाटली आणि सेट फेकू नका. बॅच नंबर लिहा, सेटच्या टोकाला टोपी लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या हातातून रक्ताचं कल्चर घ्या. मग पाहा, दोघांत सामाईक काय होतं: फ्लश, व्हायल, की तीच सिस्टर. टाके पिकण्याचं प्रमाण वाढलं तर ऑटोक्लेव्हची वही, आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढले का (क्लिपरच वापरा), आणि अँटिबायोटिक चिऱ्याआधीच्या तासाभरात दिलं का, हे तपासा.

कचरा आणि सुई टोचली तर

घरचा कचरा वेगळा करण्यात इंदूरचा हात धरणारं शहर नाही, पण दवाखान्याचा हिशेब वेगळा आहे. बँडेज-कापूस पिवळ्यात, सलाइन सेट, ग्लोव्ह, सुई काढलेल्या सिरिंज लालमध्ये, सुया आणि ब्लेड न टोचल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या व्हायल निळ्यात. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद, आणि ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचं नाही. महापालिकेच्या घरगुती कचऱ्याच्या गाडीत यातलं काहीही जाऊ देऊ नका. सुईला टोपण परत लावू नका. अनेकांना सुई टोचते ती तेव्हाच.

टोचलीच तर जखम पिळू नका, बोट तोंडात घालू नका, साबण-पाण्याने धुवा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी आयाबाई आणि वॉर्डबॉयलाही द्या, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा. रिपोर्टवर १० mIU/ml किंवा त्याहून जास्त आली तरच संरक्षण धरायचं. रात्री दोन वाजता सुई टोचली तर पहिली गोळी कुठे मिळेल, तो पत्ता आणि फोन नंबर सिस्टरच्या टेबलासमोर भिंतीवर लिहून लावा.